कोसा उतरेपर्यंत

वैनगंगेकाठच्या मासेमार ढिवरांत कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, पाखरू नीलाबाईएवढं कोणाला कळत नसे. मादी मोठी, पिवळट. नर लालसर, अंगानं बारका. दोघांच्याही चारी पंखांवर काचेसारखा आरपार गोल डोळा. "अन् तोंड नाई बापा त्याले," ती लेकीला, मंगलीला सांगे. "खात नाई, पीत नाई. अंडी घालते अन् मरते." एटापल्लीकडच्या रानातला कोसा कोणता आणि इकडचा कोणता, हे ती डोळे मिटून हातानं ओळखायची. पण बाईच्या शहाणपणाला विचारतो कोण! येनाच्या, म्हणजे ऐनाच्या, झाडांवर कोशाचे किडे चढवले की तिची सावलीसुद्धा तिथं चालत नसे.

त्रेपन्न सालच्या कुवारात, आश्विन महिन्यात, सगळ्या गावाचे किडे राखायला तिचा नवरा लच्छू रानात मचाणीवर बसला. नेम कडक. झाडांवरून कोसा उतरेपर्यंत घर नाही, हळद नाही, ढिवर असून मासळी नाही. राखणदाराला सूतक लागलं की किडे काळे पडून गळतात, ही सगळ्यांची पक्की समजूत. नीलाबाईनं भात आणून शिवेवरच्या दगडावर ठेवायचा आणि लांबूनच बोलायचं.

पंचविसाव्या दिवशी सहा वर्षांची मंगली तापानं गेली.

नीलाबाईनं हंबरडा फोडला, तशी गावच्या म्हाताऱ्या नानाजीनं तिच्या तोंडात पदर कोंबला. "चूप! सूतक कानानं लागते. लच्छूनं ऐकलं तं उठाव लागन त्याले. गावची फसल बुडवतं का?" पोर घाईघाईनं नदीकाठी पुरली. मेल्यांनी रडूसुद्धा दिलं नाही! वर बजावलं, उद्या भात न्यायचा आणि नीट बोलायचं.

दुसऱ्या दिवशी तिनं दगडावर भात ठेवला.

"मंगली कशी हाय वो?" लच्छूनं झाडाखालून विचारलं.

"बरी हाय."

"जेवते ना?"

"जेवते."

परतताना तिनं स्वतःच्या दंडाला रक्त येईस्तोवर चावा घेतला. पंधरा दिवस रोज तोच प्रश्न, रोज तेच उत्तर. जीव धरून ठेवला तो एकाच आशेवर: कोसा उतरला की नवरा घरी येईल आणि दोघं मिळून पोरीसाठी पोटभर रडतील.

कोसा उतरला. टोपल्या भरल्या, गाव नाचलं. लच्छू आंघोळ करून ओट्यावर बसला, तशी नीलाबाई त्याच्या पायावर कोसळली. "मंगली गेली जी! पंधरा दिवस झाले!"

तो दचकला नाही. लोटाभर पाणी प्याला.

"ठाऊक हाय. मचाणीवरून नदीकाठ दिसते. पोरीले माती देताना पाह्यलं मी."

नीलाबाईनं त्याच्या पायावरून मान वर केली. "मंग... रोज काऊन इचारत होता?"

"तू बरी हाय म्हणे, म्हणून तं सूतक लागलं नाई. एकाही दिवशी चुकली नाई तू. शहाणी हायेस." त्यानं मिशीवरचं पाणी पुसलं. "लय दिवस झाले, आज मासळी कर."