आधी तपासा

"तिथूनच सांग. जवळ येऊ नको," डॉक्टर म्हणाला. नाकावर रुमाल.

मी अंघोळ करून, धुतलेली साडी नेसून गेले होते. पण काशीदच्या बाजारात मासळी विकणाऱ्या बाईनं कितीही अंग घासलं तरी यांच्या नाकाला तिचा वास येतोच.

ओटीपोटात दुखतंय, म्हटलं. पाळी नसतानाही अंगावर जातंय, म्हटलं. सगळ्या पेशंटांसमोर, दारात उभं राहून. शरमेनं मेले. तपासायचं टेबल तिथंच होतं. त्यानं तिकडं बघितलंसुद्धा न्हाय.

"तुमच्यात पोट चोळून घेतात ना? घे चोळून. वात आहे."

बाकावरच्या बाया हसल्या.

घरी आले. आमच्याकडं पोट चोळायला नवऱ्याची आत्या. तिनं माझ्या बेंबीवर दिवा ठेवला, वर तांब्या उपडा घातला. तांब्या पोटाला घट्ट चिकटला. "बेंबी सरलीय," म्हणाली आणि खोबरेल लावून तळहातानं रगडायला लागली. आई गं! जीव जातो का काय, असं झालं. अंगावर आणखीच जायला लागलं.

महिनाभर हेच चाललं. एक दिवस आत्या परत तेल घेऊन हजर. मी पोटावर दोन्ही हात धरले. "न्हाय. आधी तपासून घेणार."

"तुझ्या सासूचं पोट मीच बसवलं. आता माझा हात वाईट झाला व्हय?"

नवरा खेकसला, "अगं, डॉक्टरनीच सांगितलंय ना चोळायला?"

सांगितलंय. न बघता सांगितलंय.

तशीच उठले. त्याच दवाखान्यात गेले, कुणाला न विचारता आत शिरले आणि टेबलावर आडवी झाले. "आधी हात लावून बघा. मग सांगा चोळायचं का ते."

"बाहेर हो!"

"न्हाय होत."

शेवटी हातमोजे घातले त्यानं. दाबलं. परत दाबलं. तोंडच उतरलं त्याचं. "मोठी गाठ लागतेय. इतके दिवस काय करत होतीस?"

मेल्या, तुझ्याच दारात उभी होते!

आता रेवसहून लाँचनं मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात जाते. तिथले म्हणतात, उशीर झाला. मला आशा न्हाय, खोटं कशाला बोलू? रडून रडून डोळे सुकले. पण पोट माझं हाय. तपासल्याबिगर त्याला आता कुणी हात लावायचा न्हाय. नवऱ्यानं न्हाय, आत्यानं न्हाय. आणि मला न तपासता परत पाठवील असा डॉक्टर अजून जन्माला यायचाय.