काकांची काचेची खोली

ओहायोतल्या आमच्या उपनगराच्या झोनिंग बोर्डावर, म्हणजे कुणी कुठे काय बांधावं ते ठरवणाऱ्या समितीवर, माझी नेमणूक झाली ती एका स्टॉप साइनमुळे. आमच्या कोपऱ्यावर गाड्या भरधाव वळायच्या, म्हणून मी तक्रार करायला सिटी हॉलमध्ये गेले होते. तिथल्या बाईंनी माझं सगळं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुम्ही फार मुद्देसूद बोलता. आमच्या दोन-तीन समित्यांवर जागा रिकाम्या आहेत." एक झाडांची समिती होती, एक स्मशानभूमीची आणि एक झोनिंगची. झाडांची नावं मला मराठीतच येतात आणि स्मशानभूमीवर जायची इच्छा नव्हती, म्हणून झोनिंग. स्टॉप साइन मात्र शेवटपर्यंत लागली नाही.

घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, "झोनिंग बोर्ड? यार, आपल्या घराची हद्द कुठे संपते ते तरी माहितीये का तुला?"

माहीत नव्हतं. गवत जिथे नीट कापलेलं दिसायला लागतं तिथून शेजाऱ्यांचं सुरू होतं, एवढाच माझा अंदाज होता. पण मी पुण्याची, त्यामुळे सेटबॅक ही कल्पना अगदीच नवी नव्हती. घर आणि हद्द यांच्यामध्ये मोकळी सोडायची जागा. पुण्यात त्याला सामासिक अंतर म्हणतात आणि त्यात लोक स्कूटर, तुळस आणि पाण्याची टाकी ठेवतात. इथे त्यात फक्त गवत ठेवायचं असतं. त्यात कुणाला काही बांधायचं असलं तर आमच्या बोर्डाकडे येऊन व्हेरिअन्स, म्हणजे नियमातून सूट, मागावी लागायची.

आम्ही पाच जण होतो. अध्यक्षांचा अंत्यविधींचा व्यवसाय होता, वडिलांपासून चालत आलेला. माणूस अतिशय मृदू. कुणाचा अर्ज नामंजूर करताना त्यांचा आवाज आपोआप असा उतरायचा, की अर्जदार त्यांचा हात हातात घेऊन आभार मानून जायचे आणि पार्किंगमध्ये पोचल्यावर त्यांच्या लक्षात यायचं की आपलं गॅरेज गेलं.

पहिल्याच महिन्यात एक बाई आली. सासू राहायला येणार, तिला खालच्या मजल्यावर खोली हवी, असं सांगताना तिला रडू कोसळलं. माझेही डोळे भरून आले. अर्ज नामंजूर झाला. तिच्या मागोमाग एक गृहस्थ आले. ते आमच्याशी उर्मटपणे बोलले, कायद्यालाच मूर्खपणा म्हणाले, पण त्यांच्या जमिनीला उभा उतार होता. त्यांचं मंजूर झालं. मी गोंधळून अध्यक्षांना विचारलं, तर ते म्हणाले, "आपण माणसाची अडचण ऐकायची नसते. जमिनीची ऐकायची. माणूस घर विकून जाईल, भिंत तिथेच राहील. जमीन वाकडी असेल, निमुळती असेल, तिच्यामुळे नियम पाळणं खरोखर कठीण असेल, तर सूट."

मला हे निष्ठुर वाटलं. मग हळूहळू पटलं. मग तर इतकं पटलं, की नवरा कंबर दुखते म्हणाला तरी मी मनातल्या मनात ती अडचण जमिनीची आहे का ते तपासायची.

गणपतीत मी बोर्डावर असल्याची बातमी आमच्या मराठी मंडळात पसरली. कुणीतरी मला 'नगरसेविका' म्हणायला सुरुवात केली. आरतीच्या रांगेत एकाने कुंपणाचं विचारलं, प्रसादाच्या रांगेत दुसऱ्याने घरामागच्या लाकडी डेकचं. "जरा बघ ना," एवढंच म्हणायचे सगळे. आणि त्यानंतरच्या आठवड्यात काकांचा फोन आला.

काका म्हणजे आमच्या मराठी मंडळाचे मूळपुरुष. सत्तरच्या दशकात डॉक्टर म्हणून आलेले, भूलतज्ज्ञ, आता निवृत्त. आम्ही पहिल्या हिवाळ्यात पातळ स्वेटर घालून या देशात उतरलो, तेव्हा आम्हाला कोट घ्यायला दुकानात काका घेऊन गेले होते. बर्फात गाडी चालवायला नवऱ्याला त्यांनीच शिकवलं. त्यांना नाही म्हणायची पद्धतच नव्हती.

"अगं, तू बोर्डावर आहेस म्हणे," काका म्हणाले. "छान. आमची एक छोटीशी खोली आहे."

"कुठे?"

"अजून नाहीये. म्हणून तर फोन केला."

घराच्या मागे त्यांना काचेची खोली बांधायची होती, काकूंना हिवाळ्यात उन्हात बसता यावं म्हणून. मागच्या हद्दीपर्यंत सोडायच्या जागेत ती बरीच घुसत होती. मी म्हटलं, "काका, सुनावणीच्या बाहेर मला या विषयावर बोलता येत नाही. नियम आहे."

"हो हो, समजलं," काका म्हणाले. "तू आत्ता काही बोलूच नकोस." त्यांच्या आवाजावरून स्पष्ट कळत होतं, की मी फोनवरून डोळा मारला अशी त्यांची खात्री झाली होती.

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "काकांना नाही म्हणणार तू? कोट घेऊन दिलेत त्यांनी आपल्याला."

"कोट ही जमिनीची अडचण नाही," मी म्हणाले.

सुनावणीच्या संध्याकाळी काका सूट घालून आले. मागे काकू, पर्स मांडीवर घेऊन बसलेल्या. काकू हॉस्पिटलच्या लॅबमधून निवृत्त झालेल्या, बोलायला कमी आणि बघायला जास्त. काकांचा अर्ज पुकारला, तसा मी हात वर केला आणि नियमाप्रमाणे सांगितलं, की अर्जदार माझ्या ओळखीचे आहेत.

शहराचे वकील तरुण होते आणि कामात चोख. त्यांनी विचारलं, "ओळख कशी?"

"ते माझे काका आहेत," मी सवयीने म्हणून गेले. इंग्रजीत त्याचं अंकल झालं.

वकिलांनी पेन उचललं. "म्हणजे वडिलांचे भाऊ?"

"नाही. तसे काका नाहीत. आम्ही त्यांना काका म्हणतो."

"आम्ही म्हणजे तुमचं कुटुंब?"

"आम्ही म्हणजे सगळेच."

वकिलांनी सभागृहाकडे पाहिलं. काकांना पाठिंबा द्यायला मंडळातले बरेच लोक येऊन बसले होते. सगळ्यांनी माना डोलावल्या. वकिलांनी त्यातल्या एकाला विचारलं, "तुमचेही अंकल?" तो म्हणाला, "ऑफ कोर्स."

"या शहरात तुमचे असे अंकल किती आहेत?" वकिलांनी मला विचारलं.

"बोर्डावर आल्यापासून मोजलेले नाहीत," मी म्हणाले.

त्यांनी अध्यक्षांच्या कानाशी लागून बरीच चर्चा केली. रक्ताचं नातं नाही, घरात हिस्सा नाही, खोलीत राहायचा हक्क नाही. शेवटी अध्यक्ष हळुवारपणे म्हणाले, "सदस्यांना मोकळ्या मनाने निर्णय देता येईल ना?" मी हो म्हटलं. काका माझ्याकडे बघून किंचित हसले. ते हसू पाहून माझं मन अजिबात मोकळं राहिलं नाही.

काकांनी शपथ घेतली आणि बोलायला उभे राहिले. आयुष्यभर लोकांना भूल देण्याचा व्यवसाय केलेला माणूस. बोलणंही त्याच वळणाचं. या गावात आले तेव्हा मक्याची शेतं कशी होती इथपासून सुरुवात झाली. मग त्यांनी गावातल्या किती लोकांना ऑपरेशनआधी धीर दिला ते. आमच्यातल्या एका सदस्याच्या गुडघ्याच्या वेळीही तेच होते. त्या सदस्याने ओशाळून गुडघ्यावर हात ठेवला. मग काकूंची सांधेदुखी. मग ऊन आणि जीवनसत्त्वं. माझ्या शेजारच्या सदस्याचे डोळे मिटले होते. आणि या सगळ्यात जमिनीबद्दल एक शब्द नव्हता.

नियोजन खात्याच्या माणसाने आपल्या अहवालात लिहिलंच होतं, की या प्लॉटमध्ये काही वेगळं आढळलं नाही, सबब शिफारस नाही. काका बुडत होते आणि त्यांना ते कळत नव्हतं. मला राहवलं नाही. म्हटलं, आपण दोर टाकू. मी माइक जवळ ओढला आणि विचारलं, "सर, तुमच्या प्लॉटमध्ये काही खास अडचण आहे का? आकारात, उतारात, काही?"

काकांचा चेहरा बदलला. आधी त्यांना 'सर' लागलं असावं. मग प्रश्न.

"माझ्या प्लॉटमध्ये?" ते म्हणाले. "काहीही अडचण नाही. सगळ्या रस्त्यावर असा प्लॉट नाही. दहा प्लॉट बघून मी तो निवडलाय. पुढचं लॉन बघायला लोक गाडी हळू करतात. तू स्वतः त्या लॉनवर बसून श्रीखंड खाल्लं आहेस."

इतिवृत्त घेणाऱ्या बाईंनी हात वर केला आणि श्रीखंडाचं स्पेलिंग विचारलं. काकांनी ते सांगितलं, एकेक अक्षर सुटं करून.

"म्हणजे जमिनीत दोष असा काही नाही," अध्यक्ष म्हणाले. त्यांचा आवाज उतरायला लागला होता. मला तो आवाज चांगला माहीत होता.

"शून्य," काका म्हणाले आणि बसले.

अध्यक्षांनी रीतीप्रमाणे विचारलं, की अर्जाच्या बाजूने किंवा विरुद्ध आणखी कुणाला बोलायचंय का. मंडळातले लोक एकमेकांकडे बघू लागले. काकू उठल्या. पर्स खुर्चीवर ठेवली, सावकाश चालत माइकपाशी आल्या. शपथ झाली. अध्यक्षांनी विचारलं, "तुम्ही बाजूने की विरुद्ध?"

काकूंनी क्षणभर विचार केला. "खोलीच्या बाजूने," त्या म्हणाल्या. "अर्जदाराच्या विरुद्ध."

शेजारच्या सदस्याने डोळे उघडले.

"हे खोटं बोलत नाहीत," काकू म्हणाल्या, "पण यांना दिसत नाही. हा प्लॉट वाकडा आहे. रस्ता आमच्या दारापाशी वळतो. घर बांधताना बिल्डरने सांगितलं, वळणावरच्या घरांना पुढे जादा जागा सोडायचा नियम आहे. म्हणून घर सगळं मागे ढकललं. पुढे क्रिकेटची टीम उतरेल एवढं मैदान, आणि मागे मला पापड वाळत घालायला जागा नाही. मागची हद्दही तिरकी आहे. एका बाजूला जरा तरी ऐसपैस आहे, दुसऱ्या बाजूला दार उघडलं की कुंपण. पाऊस पडला की पाणी तिथेच साचतं. मी हे पहिल्या वर्षापासून सांगतेय."

"कधी सांगितलंस?" काका खुर्चीतूनच मराठीत म्हणाले.

"रोज," काकू मराठीतच म्हणाल्या, आणि मग इतिवृत्तवाल्या बाईंकडे वळून, "एव्हरी डे."

अध्यक्षांनी नियोजन खात्याच्या माणसाला प्लॉटचा नकाशा पडद्यावर लावायला सांगितला. त्याने बघितलं, जुनं नियमांचं पुस्तक मागवलं, पानं उलटली, आणि कबूल केलं की वळणाचा तो नियम त्या काळी होता, पुढे रद्द झाला. रद्द होईपर्यंत त्या रस्त्यावर हे एकच घर बांधून झालं होतं. म्हणजे घर मागे ढकललं गेलं ते मालकाच्या हौसेने नव्हे. मागची रेषाही तिरकी होती, सगळ्यांना दिसेल इतकी. काका मात्र पडद्याकडे बघत नव्हते.

चर्चा झाली. मी म्हणाले, की अडचण खरी आहे, पण मागितलेली खोली त्या अडचणीपेक्षा मोठी आहे. तिरक्या बाजूला ती कमी केली तर माझी हरकत नाही. काकूंनी लगेच मान डोलावली. काकांना विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "मला विचारून काय उपयोग? प्लॉट तर हिला माहितीये." ते संमती म्हणून नोंदवलं गेलं. पाचही मतं बाजूने पडली.

मला वाटलं होतं, काका खूश होतील. पार्किंगमध्ये ते माझ्याकडे न बघता गाडीत बसले. काकूंनी खिडकीतून हात हलवला.

काही दिवसांनी कारण कळलं. मंजुरीच्या ठरावात लिहिलं होतं, की अर्जदाराच्या भूखंडात मूळचीच विकृती आहे. काकांनी ते वाक्य काढून टाका म्हणून सिटी हॉलला फोन केला. तिथल्या बाईंनी समजावलं, की वाक्य काढलं तर खोलीही काढावी लागेल. मग काकांनी माझ्या नवऱ्याला फोन केला. "तुझ्या बायकोने माझ्या जमिनीला पब्लिक रेकॉर्डवर नावं ठेवली," ते म्हणाले. नवरा म्हणाला, "काका, ती घरी पण तशीच वागते." त्यानंतर दोघांचं छान जमलं आणि मला वगळून त्यांच्या गप्पा होऊ लागल्या.

खोली वसंतात बांधून झाली. हिवाळाभर माझ्याशी अबोला धरलेले काका, सुतार आला त्या दिवसापासून बदलले. टेप घेऊन स्वतः अंतर मोजायचे. मग शेजाऱ्यांचं मोजायला लागले. मग रस्त्यापलीकडचं. झोनिंगची सगळी नियमावली त्यांनी वाचून काढली, एखाद्या नव्या औषधाची माहिती वाचावी तशी. आणि एका संध्याकाळी सुनावणीला पहिल्या रांगेत येऊन बसले. कुणा बिचाऱ्याला बागेची अवजारं ठेवायला शेड हवी होती. काका उठले, शपथ घेतली आणि म्हणाले, "या माणसाची अडचण मी ऐकली. जमिनीची मला कुठे दिसली नाही." अध्यक्षांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. मी खाली बघितलं.

त्यानंतर ते दर महिन्याला येऊ लागले. मंडळातल्या लोकांनी मला डेकचं, कुंपणाचं विचारणं बंद केलं, कारण काका समोर बसलेले असणार हे सगळ्यांना माहीत झालं होतं. माझी मुदत संपली तेव्हा रिकाम्या जागेसाठी काकांनी अर्ज केला आणि त्यांची नेमणूक झाली. बोर्डाच्या इतिहासात इतका कडक सदस्य झाला नाही, असं अध्यक्ष मला एकदा किराणा दुकानात म्हणाले, अर्थातच अतिशय हळुवार आवाजात.

बोर्डाच्या मीटिंगच्या संध्याकाळी मी काकूंकडे जायला लागले. काका घरात नसत. काकू काचेच्या खोलीत बसलेल्या असत, पाय स्टुलावर, समोर चहा; उन्हाळ्यात इथे ऊन रात्री आठपर्यंत रेंगाळतं. त्या मला म्हणाल्या, "हे मीटिंगला जातात ते बरं झालं. घरात असले की इथे बसून खिडकीतून सगळ्यांची अंतरं मोजतात. मला ऊनच लागत नाही." मग त्यांनी खुर्ची जरा सरकवली, मला जागा करून दिली, आणि आम्ही दोघी शेजाऱ्यांचा कुत्रा कुंपणाखालून बाहेर यायची धडपड करत होता ते बघत बसलो.