दक्षिणेकडे तोंड करून उभी गाडी

तेलगावच्या फाट्यावर नबी मिस्त्रीचं गॅरेज आहे. तिथं चाळीस वर्षं काढल्यावर नबीला एका जातीच्या माणसांची मनापासून किळस येते: रेडिएटरमध्ये भसाभसा पाणी ओतून धाडकन बोनेट आपटणाऱ्यांची. यांना वाटतं, भांडं भरलं की काम झालं. आत हवा अडकून बसलीय, तिचं कुणाला सोयरसुतक नाही. जिथं हवा तिथं पाणी नाही, आणि जिथं पाणी नाही तिथं इंजिन तापून वाकडं होतं. कधीकधी तर समोरचा काटाही गप्प राहतो, कारण ज्या पाण्याची गरमी तो सांगणार ते पाणीच तिथं पोचलेलं नसतं. हे नबीनं हजारदा सांगितलं. ऐकतंय कोण! एका शहाण्यानं गळती थांबावी म्हणून रेडिएटरात हळदीचा अख्खा पुडा रिकामा केला होता. ती काढताना जो पिवळा चिखल हाताला लागला, त्याचा वास आठवला की नबीचा घास आजही तोंडात फिरतो.

म्हणून त्यानं गॅरेजपुढं दगडमुरमाचा एक चढ बांधून घेतलाय. गाडी त्यावर नाक वर करून चढवायची, म्हणजे रेडिएटरचं तोंड सगळ्यात उंच येतं आणि हवा आपसूक तिकडं सरकते. हीटर पूर्ण उघडा ठेवायचा, नाहीतर हवा त्याच्या नळ्यांत दडी मारते. वरचा छोटा स्क्रू ढिला करायचा, पाण्याची बारीक धार सोडायची आणि स्क्रूतले बुडबुडे संपून सलग पाणी येईस्तोवर मुकाट उभं राहायचं. मग स्क्रू आवळून, झाकण उघडं ठेवून, पंखा फिरेपर्यंत इंजिन चालवायचं. मग थंड होऊ द्यायचं. पातळी खाली गेली की पुन्हा भरायचं. दोन-अडीच तास जातात. घाई करणाऱ्याला नबी सांगतो, "दुसरीकडं जा बे." पण कुणी जात नसे. नबीच्या हातून गेलेली गाडी तापून परत आली, असं चाळीस वर्षांत एकदाही झालं नव्हतं. त्याच्याजवळ मिरवण्यासारखं एवढंच होतं.

त्या शुक्रवारी चढावर विठ्ठलरावांची पांढरी, लांबलचक गाडी होती. विठ्ठलराव म्हणजे या भागाचे पुढारी. जिल्हा परिषदेचा फॉर्म भरायला त्यांना धारूरला पोचायचं होतं, मुदत तीन वाजेपर्यंतची. फुटका पाइप बदलून झाला होता, एकवार हवाही काढून झाली होती. इंजिन थंड होत होतं आणि शेवटचं पाणी भरायचं राहिलं होतं. जुम्म्याच्या नमाजला निघताना नबीनं ड्रायव्हर बंकटला बजावलं, "झाकणाला हात लावू नको. गाडी हलवू नको. मी आलोच."

"न्हाई लावत, चाचा," बंकट म्हणाला. बापडा माणूस. विठ्ठलरावांच्या जागेतच त्याची पत्र्याची खोली, बायको आणि दोन पोरी तिथंच राहतात.

नबी परतला तेव्हा चढ रिकामा होता. मुरमावर नारळाची करवंटी पडली होती, भोवती गुटख्याच्या ताज्या पिचकाऱ्या. समोरच्या चहाच्या टपरीवरून छबुबाईनं झालेलं सगळं सांगितलं. विठ्ठलराव हार घालून आले होते. गाडीपुढं नारळ फोडायचा, तर नबीचा चढ पडला दक्षिणेकडं, म्हणजे यमाच्या दिशेला. ते खवळले. "फॉर्म भराया चाललोय बे, मसणात न्हाई. फिरव गाडी!" बंकट म्हणाला, "मालक, चाचा म्हणले..." "इलेक्शन चाचा लढवायलाय का?" मग बंकटनं झाकण लावलं आणि गाडी त्याच चढावर उलटी लावली. तोंड उत्तरेला, नाक खाली. पंधरा मिनिटं पूजा, फोटो, घोषणा. रेडिएटरच्या तोंडाशी आलेली हवा तेवढ्यात निवांत मागं, इंजिनात जाऊन बसली.

नबीनं बंकटला चार फोन लावले. वाटेतल्या घोषणांच्या गोंगाटात एकही उचलला गेला नाही.

धारूरच्या घाटात इंजिन गेलं. विठ्ठलराव कार्यकर्त्याच्या गाडीत बसून पुढं गेले आणि फॉर्म वेळेत भरून आले. त्यांचं काहीच बिघडलं नाही. दिवस कलताना त्यांची गाडी दोराला बांधून गॅरेजपुढं आली, मागोमाग ते आणि तीसेक माणसं. नबीनं उघडून दाखवलं: इंजिनाचं हेड वाकलं होतं.

"कुणाची चूक, मिस्त्री?" विठ्ठलरावांनी विचारलं. "तुजी का बंकटची?"

तिसरं नाव त्या तीस जणांना ठाऊक होतं. निम्मे तर दुपारी नारळाचं खोबरं खात तिथंच उभे होते. आता सगळे तोंडात तोबरा भरून खाली बघत होते. नबीला त्यांच्या तोंडांची शिसारी आली. 'तुमची' हा शब्द त्याच्या ओठांवर आला होता. पण तो बोलला असता तर विठ्ठलरावांचं काही वाकडं होणार नव्हतं. गाडी फिरवली बंकटनं, उद्या सकाळी खोली रिकामी करणार तोही बंकटच. बंकट पोटाशी हात घेऊन नबीकडं बघत होता.

"माजी," नबी म्हणाला.

विठ्ठलराव हसले. त्यांनी नबीच्या खांद्यावर थोपटलं. "वय झालं तुजं, मिस्त्री. जाऊ दे, माफ केलं." मागून कुणीतरी म्हणालं, "मालकाचं मन लई मोठं." माफ केलं! सगळे गेल्यावर बंकट पाया पडायला वाकला, तर नबी म्हणाला, "सरक बे." त्याला बंकटचाही तिटकारा आला होता आणि त्याहून जास्त स्वतःचा. घरी जाऊन त्यानं अंगातला सदरा दोनदा धुतला.

चार दिवसांनी आसाराम गुरुजी आले. पंधरा वर्षांचं गिऱ्हाईक. चावी टाकायची, छबुबाईकडं चहा प्यायचा, पेपर वाचायचा आणि हाक मारली की यायचं, हा त्यांचा रिवाज. त्या दिवशी ते गेले नाहीत. नबी बारीक धार सोडत होता आणि गुरुजी मडगार्डला टेकून उभे होते. बुडबुडे संपले, सलग पाणी आलं. नबीनं स्क्रू आवळायला पाना लावला, तेव्हा गुरुजी हळूच, त्याला लागू नये अशा बेतानं म्हणाले, "नबीभाई, हवा नीट निघाली ना? न्हाई, आपलं सहज इचारलं."

नबीचा हात थांबला. त्यानं स्क्रू पुन्हा ढिला केला आणि तो बाजूला झाला.

"तुमीच बघा, गुरुजी."

आणि गुरुजींनी चष्मा सावरून खरंच वाकून बघितलं.