पक्की नोकरी

वडनेर भोलजीच्या धम्मशीलेनं पुण्यात सप्लाय चेन मॅनेजमेंटचं शिक्षण घेतलं, पण पोरगी नेमकं काय शिकली हे तिच्या आईला काही कळलं नाही. मग मलकापूरजवळ हायवेवरच्या गोदामात तिला कामगार भरतीचं काम मिळालं आणि साऱ्या गावाला कळलं. घरी चहाचं आधण उतरेना. जो येईल तो आपलं पोरगं तिच्या पुढ्यात उभं करी. गल्लीतल्या जीवनला तिनंच कामावर लावलं, आणि तो खरंच कामाचा निघाला.

गेल्या आठवड्यात वरून निरोप आला. दिवाळीचा माल निघाला की हे गोदाम बंद. नागपूरकडे नवं मोठं गोदाम झालंय, तिथं माल यंत्रं निवडणार. तोवर कुणापाशी ब्र काढायचा नाही, नाहीतर ऐन गर्दीत माणसं सोडून जातील. उलट आणखी भरती करा. वा रे शहाणपण! तोंड उघडलं तर तिचीही नोकरी जाणार, आणि घर चालतं तिच्यावर. ती गप्प बसली.

आमच्याकडे मुलगी द्यायची तर आधी मुलाचं घर पाहतात, वावर पाहतात. जीवनला वावर नाही. म्हणून सोनाळ्याचे गुलाबराव होणाऱ्या जावयाचं गोदामच पाहायला आले. सगळं फिरून धम्मशीलेसमोर बसले.

"बाई, तू आपल्यातली हायेस म्हून विचारतो. पोराची नोकरी पक्की हाय ना?"

"पोरगं लय कामाचं हाय, काका."

"ते दिसून राह्यलं. मी नोकरीचं विचारून राह्यलो."

काचेपलीकडे जीवन इस्त्रीचा शर्ट घालून उभा होता. खरं बोलावं तर त्याची सोयरीक मोडते, खोटं बोलावं तर या भल्या माणसाची लेक फसते. इकडे आड, तिकडे विहीर. तिला रडू आलं, ते तिनं खोकल्यावर निभावलं.

"हाव काका. पक्की हाय."

गुलाबरावांचा चेहरा उजळला. पिशवीतला पेढा त्यांनी तिच्या हातावर ठेवला.

"बाहेर भरतीचा बोर्ड पाह्यला. माहा पोरगा प्रेमानंद शेगावले लॉजवर कामाले हाय, पाच वर्सं झाले. त्याले ते सोडून इकडंच बोलावू काय?"

"नका," ती पटकन म्हणाली.

"काऊन?"

गुलाबराव तिच्याकडे पाहत राहिले. काचेपलीकडून जीवनही पाहत होता. काऊन, हे तेवढं तिला सांगता येत नव्हतं.

"बोलवा," ती म्हणाली.