पवनमंडळीची सरलाबाई

कोसाड गावाच्या पुढे, खाडीच्या अंगाला, कापडाच्या लूमवर राबणाऱ्या खानदेशी लोकांची सत्तावीस घरं होती. सरकारी वीज तिथवर पोचली नव्हती. पंच्याण्णव साली एका संस्थेचे भूपेंद्रभाई पवनचक्की घेऊन आले. लोकांनी आपल्या हातांनी पाया खणला, मनोरा उभा केला आणि सहकारी मंडळी, म्हणजे सोसायटी, काढली. चक्की सगळ्यांची. दिवसा वाऱ्यावर बॅटऱ्या भरायच्या आणि अंधार पडला की घरटी एक दिवा.

पाया खणणाऱ्यांत भिकन सगळ्यांत पुढे होता. वर्षभरात तो काविळीनं गेला. मागे राहिली बायको सरलाबाई आणि आठवीतली सुषमा. मंडळीनं सरलाबाईला चक्कीचं काम दिलं. वारा फार चढला की मनोऱ्याच्या पायथ्याची चरखी हँडलनं फिरवायची. मग तार गुंडाळली जाई, वर चक्कीचं शेपूट दुमडे, आणि पाती वाऱ्यातून बाजूला होत. सरलाबाई तिथेच साड्यांचे धागे कापत बसे. कान मात्र वर.

हँडल मागे फिरू नये म्हणून चरखीला एक खटका होता. त्याचे दात झिजले होते. मंडळीचा प्रमुख काशिनाथ तिचा जेठ, भिकनचा थोरला भाऊ. त्याच्यापुढे ती कधी बोलली नव्हती, म्हणून जेठाणीकडून तिनं दोनदा निरोप धाडला. बाईमाणसाच्या मनगटात जोर नाही आणि नावं ठेवते खटक्याला, असं तो बैठकीत म्हणाला. सगळे हसले.

जूनच्या सुरुवातीला एका दुपारी खाडीकडून धुळीचं वादळ उठलं. पुरुष लूमवर होते. सरलाबाईनं तार निम्मी गुंडाळली तोच खटका सुटला. हँडल उलटं फिरलं आणि तारेनं तिचा उजवा हात चरखीत ओढून घेतला. तीन बोटं गेली. हात मोकळा करून तिनं डाव्या हातानं आणि गुडघ्याच्या जोरावर पुन्हा तार ओढली, खुंटाला बांधली, आणि मग ती खाली बसली. चक्की वाचली. शेपटाचा पत्रा तेवढा वाकला.

ती सरकारी दवाखान्यात असतानाच बैठक झाली. वाकलेल्या पत्र्यावर दोन तास बोलणं झालं. बोटांचा विषय कोणी काढला नाही. सभासद भिकन होता, तो मेला. बाईचा हात आता कामाचा नाही. तेव्हा तिच्या घराची लाइन नव्या कामगाराला, भाईदासला, द्यावी असं ठरलं. सगळ्यांनी हात वर केले. काशिनाथनंही केला.

सरलाबाई घरी आली तेव्हा छपराखालचा दिवा काढून नेलेला होता. सुषमा पुस्तक घेऊन शेजारच्या पुष्पाबाईच्या उंबऱ्यावर बसू लागली. चौथ्या दिवशी पुष्पाबाईनं दार लावून घेतलं. दाराच्या फटीतून येई तेवढ्या उजेडात पोरगी वही धरून पाहत राहिली.

सरलाबाई डोक्यावर पदर घेऊन काशिनाथच्या अंगणात गेली आणि लग्नानंतर पहिल्यांदा त्याच्याशी समोरासमोर बोलली.

"भाऊ, मन्ही पोरले अभ्यास करना शे."

काशिनाथ जेवत होता. त्यानं मान वर केली नाही. "मंडळीनी ठरायं. मी एकला काय करू?"

पावसाळ्यात भाईदासची भंबेरी उडाली. वारा कधी फिरणार हे त्याला उमगेना. पाती दोनदा फाटता फाटता वाचली. तेव्हा काशिनाथनं निरोप पाठवला की चार दिवस येऊन त्याला शिकव, लाइनचं मग बघू.

सरलाबाई गेली. तारेचा आवाज बारीक झाला की चरखीकडे धावायचं, खाडीवरचे बगळे एकदम खाली बसले की लगेच शेपूट दुमडायचं, हे सगळं तिनं भाईदासला सांगितलं. नवा खटका बसवलेला तिनं पाहिला. चौथ्या दिवशी तिनं त्याच्याकडून तीन वेळा शेपूट दुमडवून घेतलं. तिन्ही वेळा बरोबर जमलं.

पाचव्या दिवशी भूपेंद्रभाई पाहुणे घेऊन आले. भाईदासनं हँडल फिरवून दाखवलं, पाहुण्यांनी फोटो काढले. सरलाबाई सुषमाला घेऊन कडेला उभी होती. बाई इथे गर्दी करू नका, असं काशिनाथनं सगळ्यांदेखत तिला सांगितलं.

लाइन आली नाही. दिवाळीनंतर सुषमाची शाळा सुटली. मायलेकी पहाटेच्या टेम्पोनं पलसाण्याला कापड रंगवायच्या कारखान्यात जाऊ लागल्या. ओलं कापड पिळायला सरलाबाईची बोटं पुरत नसत, म्हणून एक टोक ती धरी आणि दुसरं टोक सुषमा पिळी. दोघींना मिळून एकाच बाईची मजुरी मिळे.