भर कचेरीतला उखाणा

परवा तहसील कचेरीत मोहोरेची लाख वितळल्याचा वास आला आणि पुन्हा आठ वर्षांची होऊन मी मावशीचं बोट धरून नंदुरबारच्या जुन्या कचेरीत उभी राहिले.

मावशीचे यजमान रंगूनला नोकरीला होते. तिथे जपानचे बॉम्ब पडत होते आणि बोटीत कोणाला घ्यायचं हे सरकार ठरवत होतं. सुटून आलेल्यांची यादी कचेरीत लागली होती.

"पाटील तर ढीगभर आहेत. यजमानांचं नाव?" कारकुनाने विचारलं.

मावशीने माझ्याकडे पाहिलं. नवऱ्याचं नाव घ्यायची रीत नव्हती आणि मला ते फक्त मावसा म्हणून ठाऊक.

"बाई, नावाशिवाय शोधू कसा?"

मावशीने पदर पुढे ओढला आणि सरळ उखाणा घेतला, "तापीना काठे जवारी पिकनी भारी, रघुनाथराव येवोत घर, मी उभी दारी."

शिपाई खो खो हसला. मी लाजेने खांबाआड गेले. आज वाटतं, तेवढी हिंमत मला झाली नसती.

कारकुनाचं बोट यादीवर थांबलं. "आहेत! कलकत्त्याला उतरलेत."

"मन्हा रघुनाथ उना वं माय!" आला म्हणून मावशी थेट नाव घेऊन ओरडली. उखाणाबिखाणा काही नाही.