सात नंबरच्या टाकीतला उताणा मासा

मत्स्यालयात सात नंबरच्या टाकीपाशी उभे राहून आमचे काका दिवसभर एकच वाक्य ओरडतात, "अहो, मेला नाहीये तो!" टाकीत आफ्रिकेतल्या काँगो नदीतला मिशाळ मासा आहे, आणि तो पोट वर करूनच पोहतो. पाण्यावर तरंगणारे किडे त्याला तसेच बरे टिपता येतात. त्याचं पोटही पाठीपेक्षा काळं असतं. "लहानपणी सरळ पोहतो, मोठा झाला की उलटा, आमच्या थोरल्यासारखा," असं काका समजावतात. तरी लोक हळहळतातच, आणि मग काकांचं डोकं फिरतं.

काल डबा खाऊन काका टाकीशेजारच्या बाकावर आडवे झाले. पोट वर, तोंड उघडं, मिशा दोन दिशांना. सहल घेऊन आलेल्या शाळेच्या बाई ते बघून धावतच तिकीटखिडकीवर गेल्या. "अहो, तुमचा तो माणूस गेला वाटतं!"

खिडकीत आमच्या काकू बसतात. त्यांनी तिकीट फाडता फाडताच विचारलं, "पोट वर आहे ना?"

"हो!"

"मग ठीक आहेत. सरळ होऊन कामाला लागले, तर मात्र डॉक्टरांना बोलवा."